लांब लहरींचा हट्ट सोडणारा मार्कोनी

२१ जुलै १९३७ रोजी संध्याकाळी ब्रिटनमधील टपाल खात्याच्या बिनतारी केंद्रांनी आणि बीबीसीने दोन मिनिटे काम थांबवले. एरवी संदेशांनी गजबजलेले आकाश तेवढा वेळ शांत झाले. आदल्या दिवशी पहाटे रोममध्ये गुग्लिएल्मो मार्कोनी हृदयविकाराने गेले होते. वय होते ६३.

रेडिओशी जोडलेले मार्कोनींचे नाव शाळेतच कानावर पडते. त्यांच्या आयुष्यातला एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ज्या समजुतीवर त्यांनी आपली कंपनी, पैसा आणि वीस वर्षे लावली, ती अपुरी असल्याचे पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी ते मान्यही केले. त्यांच्या डोळ्यांसमोर हे सिद्ध करून दाखवले ते घरच्या खोलीत बसून छंद म्हणून रेडिओ चालवणाऱ्या हौशी मंडळींनी. मुळात मार्कोनी स्वतःही त्यांच्यातलेच.

पोटमाळ्यावरची प्रयोगशाळा

गुग्लिएल्मोचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरात झाला. वडील ज्युसेप्पे सधन जमीनदार होते. आई अ‍ॅनी आयर्लंडमधल्या, व्हिस्कीच्या धंद्यात नाव कमावलेल्या जेमसन घराण्यातली. मुलाचे शालेय शिक्षण धड झाले नाही. विद्यापीठाची पदवी तर त्याला कधीच मिळाली नाही. पण विजेचे विलक्षण वेड होते. बोलोन्या विद्यापीठातले भौतिकीचे प्राध्यापक ऑगुस्तो रिगी हे ओळखीचे होते. त्यांच्या प्रयोगशाळेत आणि व्याख्यानांना जाण्याची मुभा त्याला मिळाली.

विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात, हे जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी प्रयोगाने दाखवले होते. १ जानेवारी १८९४ रोजी हर्ट्झ ऐन छत्तिशीत वारले. रिगींनी त्यांच्यावर लिहिलेला लेख वीस वर्षांच्या गुग्लिएल्मोच्या वाचनात आला. या लहरींनी तारेशिवाय संदेश पाठवता येईल, हा विचार त्याच्या मनात घर करून बसला. पोन्तेक्किओ इथल्या घराच्या पोटमाळ्यावर त्याने प्रयोग मांडले. एका रात्री त्याने आईला उठवून वर नेले. खोलीच्या एका टोकाला बटण दाबले आणि दुसऱ्या टोकाची घंटा वाजली. मधे तार नव्हती.

त्याची साधने साधी होती. एका बाजूला ठिणगी पाडणारे यंत्र, दुसऱ्या बाजूला धातूचा कीस भरलेली काचेची नळी. लहर येताच कीस एकमेकांना चिकटतो आणि त्यातून वीज वाहू लागते. ही नळी काही त्याचा शोध नव्हती. त्याने केले ते एवढेच, की प्रत्येक भाग शेकडो वेळा बदलून पाहिला आणि अंतर वाढते का, याकडे लक्ष ठेवले.

टेकडीपलीकडची गोळी

१८९५ मध्ये प्रयोग पोटमाळ्यावरून बागेत आणि बागेतून शेतात आले. यंत्राचे एक टोक जमिनीत पुरले आणि दुसरे उंच टांगलेल्या तारेला जोडले, की अंतर एकदम वाढते, असे त्याच्या लक्षात आले. तार जितकी उंच, तितका पल्ला लांब. थोरला भाऊ अल्फोन्सो ग्राहक यंत्र घेऊन टेकडीच्या पलीकडे गेला. संदेश पोहोचल्याची खूण म्हणून त्याने बंदुकीचा बार काढायचा, असे ठरले होते. गुग्लिएल्मोने कळ दाबली आणि टेकडीपलीकडून बार ऐकू आला. अंतर होते सुमारे दोन किलोमीटर.

हर्ट्झ यांच्या लहरी प्रकाशासारख्या सरळ रेषेत जातात, असे तेव्हाचे विद्वान मानत. मग मधे टेकडी असताना संदेश पोहोचला कसा? याचे उत्तर लहरींच्या लांबीत होते. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने धावतात. त्यांची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपने जितकी कमी, तितकी लहर लांब. आजच्या १०० मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्राची लहर तीन मीटरची असते. पुणे आकाशवाणीची ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर सुमारे ३७९ मीटरची. लहर लांब असली, की ती अडथळ्याला वळसा घालते आणि जमिनीला धरून पुढे सरकते. उंच तार आणि जमिनीची जोडणी यांमुळे मार्कोनीच्या लहरी नकळत लांब झाल्या होत्या.

पुढल्या दोन दशकांचे सूत्र याच अनुभवातून घडले. तार उंच करा, लहर लांब करा, शक्ती वाढवा, अंतर वाढेल.

इंग्लंड आणि अटलांटिक

१८९६ मध्ये आई मुलाला घेऊन लंडनला गेली. तिथे नातेवाईक होते, भांडवल होते आणि जगातले सर्वात मोठे आरमार होते. जूनमध्ये मार्कोनींनी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना पाठबळ दिले. १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला. त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सशी संदेशांची देवाणघेवाण झाली. अंतर आता पन्नास किलोमीटरवर पोहोचले होते.

त्यानंतर मार्कोनींनी एकदम अटलांटिक महासागर ओलांडायचे ठरवले. पृथ्वी गोल असल्याने लहरी सरळ अंतराळात निघून जातील, असे अनेक जाणकारांचे मत होते. कंपनीने तरीही पैसा ओतला. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पोल्धू इथे वीस उंच डोलकाठ्यांचे वर्तुळ उभे राहिले. सप्टेंबर १९०१ मधल्या वादळात ते कोसळले. अमेरिकेच्या किनाऱ्यावर केप कॉड इथे उभारलेले तसेच दुसरे वर्तुळही दोन महिन्यांनी पडले. मार्कोनी थांबले नाहीत. पोल्धूत दोन खांबांवर तारांचा पंखा ताणून काम भागवले आणि ते स्वतः जहाजाने न्यूफाउंडलंडला गेले.

सेंट जॉन्स इथल्या सिग्नल हिलवर वारा इतका होता, की तार उचलायला आणलेला फुगा उडून गेला. मग पतंग चढवला. १२ डिसेंबर १९०१ च्या दुपारी पतंगाला बांधलेल्या तारेतून, टेलिफोनच्या कानात लावायच्या तुकड्यात मार्कोनींना तीन बारीक टिकटिक ऐकू आल्या. मोर्स लिपीतला ‘एस’. सहायक जॉर्ज केम्प यांनीही त्या ऐकल्या. सुमारे ३,४०० किलोमीटरवरून संदेश आला होता.

या प्रयोगात भारतीय धागाही आहे. मार्कोनींनी वापरलेल्या संवेदकांपैकी एक पाऱ्याचा होता आणि तो त्यांना इटलीच्या नौदलातल्या मित्राकडून मिळाला होता. तशा स्वयंचलित पारद संवेदकाचे वर्णन जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोरच्या निबंधात केले होते, हे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले.

त्या टिकटिकींबद्दल मात्र आजही वाद आहे. पोल्धूची लहर सुमारे ३६६ मीटरची होती, असे मानले जाते. म्हणजे जवळजवळ पुणे आकाशवाणीएवढी. जुना रेडिओ ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे, की मध्यम लहरींवर दिवसा जवळपासचीच केंद्रे लागतात आणि रात्री दूरदूरची. मग भर दुपारी ती लहर महासागर ओलांडून आलीच कशी? ऐकणारे दोघेच होते. कागदावर नोंद झाली नव्हती. वादळी विजेच्या खरखरीत कानाला भास झाला असावा, असे म्हणणारे तेव्हाही होते.

मार्कोनींनी या शंकेला प्रयोगानेच उत्तर दिले. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावर त्यांनी संदेश कागदी पट्टीवर नोंदवून घेतले आणि जहाजाच्या कप्तानाची साक्ष ठेवली. रात्री तीन हजार किलोमीटरपलीकडूनही खुणा मिळाल्या. दिवसा मात्र सुमारे अकराशे किलोमीटरनंतर सारे शांत झाले. रात्र आणि दिवस यांतला हा फरक प्रथमच नोंदला गेला. त्यांच्या आदल्या डिसेंबरच्या दाव्यावरची शंका त्याने वाढवलीच, तरीही मार्कोनींनी तो जाहीर केला.

त्याच वर्षी ब्रिटनमधील ऑलिव्हर हेविसाइड आणि अमेरिकेतील आर्थर केनेली यांनी स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. वातावरणात खूप उंचावर विद्युतभारित थर असावा आणि लहरी त्यावरून परत फिरत असाव्यात. हेच आजचे आयनांबर. त्याचा प्रत्यक्ष पुरावा एडवर्ड अ‍ॅपल्टन यांनी १९२४ च्या अखेरीस दिला.

लांब, आणखी लांब

दिवसाच्या अडचणीवर मार्कोनींनी काढलेला मार्ग म्हणजे आणखी लांब लहर. त्यात तथ्य होते. आयनांबराचा खालचा थर सूर्यप्रकाशात मध्यम लहरी शोषून घेतो. कित्येक किलोमीटर लांबीच्या लहरींना मात्र त्याची फारशी झळ पोहोचत नाही. जमीन आणि आयनांबर यांच्या मधल्या पोकळीतून त्या बोगद्यातून गेल्यासारख्या पुढे जातात.

१७ ऑक्टोबर १९०७ रोजी आयर्लंडमधील क्लिफ्डेन आणि कॅनडातील ग्लेस बे यांच्यात नियमित सेवा सुरू झाली. क्लिफ्डेनची लहर साडेसहा किलोमीटरहून लांब होती, वारंवारता सुमारे ४५ किलोहर्ट्झ. दलदलीच्या माळरानावर वसलेल्या त्या केंद्राला वीज निर्माण करण्यासाठी तिथलेच पीट नावाचे इंधन जाळत. सामान वाहायला स्वतःची छोटी रेल्वे होती. १९०९ मध्ये मार्कोनींना कार्ल फर्डिनांड ब्राउन यांच्यासह भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१२ हे वर्ष त्यांना यश आणि आघात दोन्ही देऊन गेले. एप्रिलमध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली. तिच्यावरचे बिनतारी चालक मार्कोनी कंपनीचे होते आणि त्यांनी पाठवलेल्या हाकेमुळे सातशेहून अधिक जण वाचले. सप्टेंबरमध्ये इटलीत मोटार अपघातात मार्कोनींचा उजवा डोळा गेला. काचेचा डोळा बसवून ते पुन्हा कामाला लागले.

केंद्रे वाढतच गेली. वेल्समधील कार्नार्व्हनची लहर सुमारे १४ किलोमीटर लांब होती. २२ सप्टेंबर १९१८ रोजी तिथून निघालेला संदेश थेट ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ पोहोचला. ब्रिटिश साम्राज्य अशा केंद्रांच्या साखळीने जोडायची योजना आकार घेऊ लागली.

पण या वाटेची किंमत जबर होती. लहर किलोमीटरची, म्हणून एरियलही अवाढव्य. तेवढे करूनही बरीचशी वीज उष्णतेतच वाया जाई. आकाशातल्या विजांचा खरखराट लांब लहरींवर सर्वात जास्त, त्यामुळे उष्ण प्रदेशात ऐकणे अवघड. शिवाय कमी वारंवारतेच्या पट्ट्यात जागाच थोडी. मोजकी केंद्रे बसवली, की पट्टा भरला, आणि संदेशांचा वेगही मर्यादित.

टाकाऊ पट्टा हौशींना

लांब पल्ल्यासाठी लांब लहर, हे आता सर्वांनीच गृहीत धरले होते. त्यामुळे १९१२ मध्ये अमेरिकेने रेडिओचा कायदा केला, तेव्हा हौशी मंडळींना २०० मीटर आणि त्याहून आखूड लहरींत ढकलण्यात आले. हा भाग कोणालाच नको होता. तिथे ही मंडळी काही मैलांपलीकडे जाणार नाहीत आणि हळूहळू नाद सोडतील, अशी अपेक्षा होती.

त्यांनी नाद सोडला नाही. डिसेंबर १९२१ मध्ये अमेरिकेतील हौशींच्या संघटनेने पॉल गॉडली यांना स्कॉटलंडला पाठवले. आर्ड्रोसन गावाजवळ समुद्रकिनारी, कडाक्याच्या थंडीपावसात तंबू ठोकून ते रात्री कानाला यंत्र लावून बसले. सव्वादोनशे मीटरच्या आसपासच्या लहरींवर अमेरिकेतल्या हौशींचे संदेश त्यांना ऐकू आले. एकाचे नव्हे, वीसहून अधिक केंद्रांचे. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस इथल्या लेऑन डेलॉय आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल या दोन हौशींनी सुमारे १०० मीटरच्या लहरीवर अटलांटिकच्या आरपार दुतर्फा संवाद साधला. कार्नार्व्हनच्या तुलनेत त्यांची यंत्रे खेळण्यासारखी होती.

मार्कोनींनी दुसऱ्या एका कामासाठी आखूड लहरी आधीच हाती घेतल्या होत्या. महायुद्धात, १९१६ मध्ये, इटलीच्या नौदलाला शत्रूच्या कानावर न पडणारा संदेश हवा होता. दोन-तीन मीटरच्या लहरी आरशासारख्या परावर्तकाने एका दिशेला वळवता येतात, हे त्यांनी आणि सहकारी चार्ल्स फ्रँकलिन यांनी करून पाहिले होते. जून १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या अभियंत्यांसमोर व्याख्यान देताना मार्कोनींनी आखूड लहरींचा अभ्यास फारच दुर्लक्षित राहिल्याचे स्पष्ट सांगितले. दुर्लक्ष करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिले होते, हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते.

१९२३ मध्ये ते ‘एलेत्रा’ या आपल्या नौकेवरून समुद्रात निघाले. ही नौका म्हणजे त्यांचे घर आणि प्रयोगशाळा. पोल्धूहून फ्रँकलिन ९७ मीटरच्या लहरीवर संदेश पाठवत होते. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्दे बेटांपर्यंत, चार हजार किलोमीटरवर, रात्री ते ठणठणीत ऐकू आले. प्रक्षेपणाची शक्ती घटवत एक किलोवॉटवर आणली, तरीही ऐकू आले. पुढल्या वर्षी लहर आणखी आखूड केली. सप्टेंबर १९२४ मध्ये बैरूतच्या बंदरात ३२ मीटरची लहर भर दिवसाही पोहोचली.

अटलांटिकवर छळणारे दिवसाचे कोडे इथे सुटले. अशा लघुलहरी दिवसा शोषक थरातून बऱ्याचशा निभावून जातात, वरच्या थरावरून परततात आणि उड्या घेत हजारो किलोमीटर पार करतात. त्यांना किलोमीटरभर पसरलेले एरियल लागत नाही आणि त्या हव्या त्या दिशेला वळवता येतात.

आता प्रश्न विज्ञानाचा नव्हता, धाडसाचा होता. साम्राज्याची साखळी लांब लहरींवर उभी राहणार, असे ठरत आले होते. रग्बी इथे सरकारी लांब लहरींचे केंद्र बांधले जात होते. त्याच्या डोलकाठ्या अडीचशे मीटर उंचीच्या. मार्कोनींच्या कंपनीची सगळी प्रतिष्ठा याच तंत्रावर उभी होती. तरी त्यांनी ब्रिटिश सरकारपुढे लघुलहरींच्या झोताची योजना मांडली. जुलै १९२४ मध्ये करार झाला. अटी कडक होत्या. चाचणीत ठरलेला वेग मिळाला नाही, तर नुकसान कंपनीचे होते.

खडकी आणि दौंड

१९२६ मध्ये कॅनडाशी आणि १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि भारताशी ही सेवा सुरू झाली. भारतातली दोन्ही केंद्रे पुण्याच्या परिसरात होती. संदेश पाठवणारे खडकीला, घेणारे दौंडला. दोन्ही वेगळी ठेवण्याचे कारण सोपे होते. शेजारी दणकट प्रक्षेपण चालू असेल, तर सहा-सात हजार किलोमीटरवरून आलेली क्षीण लहर त्यात बुडून जाते. इंग्लंडमध्येही ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ अशीच जोडी होती. मुंबईतल्या व्यापाऱ्याची तार समुद्रतळाच्या केबलऐवजी आकाशातून लंडनला जाऊ लागली, आणि तीही स्वस्तात. केबल कंपन्यांचा धंदा इतका हादरला, की १९२९ मध्ये केबल आणि बिनतारी यांचे एकत्रीकरण करावे लागले.

मार्कोनींच्या आयुष्याची उत्तरार्धातली दुसरी बाजूही सांगायला हवी. १९२३ मध्ये ते फॅसिस्ट पक्षात गेले. १९३० मध्ये मुसोलिनीने त्यांना इटलीच्या रॉयल अकादमीचे अध्यक्ष केले. ज्यू विद्वानांना अकादमीपासून दूर ठेवण्यात त्यांचा हात असल्याचे दाखवणारी कागदपत्रे पुढे सापडली. तांत्रिक चूक मान्य करण्याचा मोकळेपणा राजकारणात त्यांनी दाखवला नाही.

अखेरच्या दशकात हृदयविकाराने त्यांना वारंवार गाठले. तरी १९३१ मध्ये त्यांनी व्हॅटिकनचे रेडिओ केंद्र उभारून दिले आणि नंतर एक मीटरहूनही आखूड लहरींवर प्रयोग केले. लांबीच्या मागे धावलेला माणूस शेवटी दुसऱ्या टोकाला पोहोचला होता.

लांब लहरी पुढे कुठे गेल्या?

त्या टाकाऊ ठरल्या नाहीत. समुद्राचे खारे पाणी रेडिओलहरी चटकन शोषून घेते. अतिलांब लहरी मात्र काही मीटर खोल शिरतात. म्हणून पाण्याखालच्या पाणबुड्यांना संदेश देण्यासाठी आजही त्यांचाच वापर होतो. तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळचे भारतीय नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र याच कामासाठी आहे.

हौशी मंडळीही तिकडे परतली आहेत. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत हौशींसाठी १३६ किलोहर्ट्झच्या आसपासचा चिंचोळा पट्टा मान्य झाला. ही लहर २,२०० मीटरची. प्रत्यक्ष उत्सर्जित होणारी शक्ती एक वॉटपेक्षा जास्त ठेवायची नाही. घराच्या गच्चीवरून किंवा अंगणातून ताणलेली तार अशा लहरीपुढे अगदीच तोकडी पडते. मग हे लोक मोर्सचा एकेक टिंब कित्येक सेकंद, कधी मिनिटभर लांबवतात. नुसत्या कानाला खरखरीत काहीच कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर मात्र फिकट रेघ हळूहळू उमटते. नुसते नाव पाठवायला अर्धा-अर्धा तास जातो. एवढ्या कमी शक्तीवर असे संदेश महासागर ओलांडून गेले आहेत.

क्लिफ्डेनला ज्यासाठी वीजघर आणि रेल्वे लागली, ते आज कोणीतरी घरच्या खोलीत बसून, रात्रभर जागून करतो आहे. पोन्तेक्किओच्या पोटमाळ्यावर रात्री आईला उठवणाऱ्या मुलाला यात काहीच नवल वाटले नसते.